दुहेरीच्या वाट्याला उपेक्षाच का?

जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या विधानभवनात एक सत्कार सोहळा झाला. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून परतलेल्या रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल या मुंबईकर क्रिकेटपटूंचा तो गौरव होता. राज्य सरकारने भारतीय संघासाठी 11 कोटी रुपयांचे पारितोषिकही जाहीर केले. पराक्रमाचे कौतुक होण्यात गैर काहीच नाही. परंतु त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, पॅरिस ऑलिंपिक तोंडावर आले असताना, मुंबईच्याच एका खेळाडूने जाहीरपणे एक प्रश्न विचारला. थॉमस चषक हाही बॅडमिंटनचा विश्वचषकच आहे. तो जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा आपण एकटेच होतो. मग रोख पारितोषिक दूरच, साधा सत्कारही का झाला नाही? क्रिकेटपटूंविषयी त्याच्या बोलण्यात असूया नव्हती. सर्व खेळांना समान लेखावे, एवढीच त्याची मागणी होती. हा खेळाडू म्हणजे चिराग शेट्टी.

1997 साली जन्मलेल्या चिरागच्या खेळाचा पाया मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, स्वतः भारताकडून खेळलेल्या उदय पवार यांच्या प्रशिक्षण केंद्रात घातला गेला. पुढील शिक्षणासाठी मात्र त्याला हैदराबादला गोपीचंद अकादमीची वाट धरावी लागली. तेथे मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी आंध्रातील अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीशी त्याची जोडी जमवली. दोघेही मागून जोरकस स्मॅश मारणारे. अशा दोघांची जोडी जमावी कशी, ही शंका प्रारंभी त्यांनाही होती. एकाने आपला आवडता खेळ मागे ठेवून जाळ्याजवळचा मोर्चा सांभाळणे भाग होते. चिरागने तो सांभाळला. मागून स्मॅश कडाडतो तेव्हा प्रेक्षकांच्या टाळ्या तो मारणाऱ्याला मिळतात. प्रतिस्पर्ध्याला शटल उचलून देण्यास भाग पाडणारा पुढचा खेळाडू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुहेरीचे मर्म नेमके येथेच आहे.

या मर्माची किंमतही खेळाडूला मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत विजेत्या जोडीला मिळणारी रक्कम एकेरीच्या विजेत्यापेक्षा किंचित अधिक असते, आणि ती दोघांत वाटली जाते. दुखापतही दोघांची होते. 2024 मध्ये सात्विकचा खांदा दुखावला, आणि आदल्या वर्षी जिंकलेल्या आशियाई अजिंक्यपदाच्या रक्षणासाठी चिरागलाही उतरता आले नाही. पालक मुलाला एकेरीतच घालू पाहतात, एकेरीत मागे पडलेला दुहेरीकडे वळवला जातो, ही आपल्याकडील जुनी रीत या हिशेबातूनच जन्मली आहे.

ही रीत किती आतबट्ट्याची आहे, हे साध्या गणितावरून कळते. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या पाच सुवर्णपदकांपैकी तीन दुहेरीची असतात. थॉमस चषकातील प्रत्येक लढतीत पाचपैकी दोन सामने दुहेरीचे, तर सुदिरमन चषकात पाचपैकी तीन. भारताने 2012, 2016 आणि टोकियोत मिळवलेली ऑलिंपिक पदके मात्र सर्व एकेरीची. म्हणजे निम्म्याहून अधिक रणांगण आपण दीर्घकाळ जवळजवळ मोकळे सोडले होते. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर या प्रकारातील पुढच्या पदकासाठी देशाला 2023 च्या हांगचौपर्यंत, म्हणजे तब्बल 41 वर्षे थांबावे लागले. ते पदक सुवर्ण होते, आणि ते सात्विक-चिरागचे होते.

त्या आधीचा मार्ग सोपा नव्हता. टोकियोत या जोडीने गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनाही तिने हरवले. तरीही गेमच्या फरकाने ती बाहेर पडली. असा आघात खेळाडूला मोडू शकतो. या दोघांनी मात्र 15 मे 2022 रोजी बँकॉकमध्ये उत्तर दिले. 14 वेळा थॉमस चषक जिंकलेल्या इंडोनेशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत पहिला गेम गमावल्यावरही त्यांनी मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो यांना 18-21, 23-21, 21-19 असे नमवले. भारताने लढत 3-0 अशी जिंकली. 1949 पासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत भारत प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला होता. त्यानंतर 2022 चे राष्ट्रकुल सुवर्ण, 2023 चे आशियाई अजिंक्यपद व इंडोनेशिया ओपन, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान असा विजयक्रम चालूच राहिला. पॅरिस ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांनी त्यांना रोखले. 2025 च्या जागतिक स्पर्धेत त्याच शहरात, त्याच जोडीला, त्याच फेरीत हरवून त्यांनी कांस्यपदक निश्चित केले.

खरा खेळाडू सत्कारासाठी खेळत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खराही आहे. पण मुद्दा खेळाडूच्या अपेक्षेचा नसून समाजाच्या दृष्टीचा आहे. ज्या विजयावर लोकांचे लक्ष, त्याला कोट्यवधी. ज्यावर नाही, त्याला मौन, ही गुणग्राहकता नव्हे. जागतिक सांघिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघातील महाराष्ट्राच्या खेळाडूचा गौरव कसा व्हावा, याचा एकच लिखित नियम सर्व खेळांना लागू असावा. तो सोहळ्याच्या उत्साहावर अवलंबून नसावा.

त्याहून महत्त्वाचे काम उपनगरांत आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दररोज पहाटे शटल घेऊन निघणारी मुले कमी नाहीत. त्यांना पालिकेच्या क्रीडासंकुलांत परवडणारी कोर्ट हवीत, आणि लहान वयापासून दुहेरीच शिकवणारे प्रशिक्षक हवेत. आधुनिक बॅडमिंटनच्या नियमांची पहिली जुळणी एकोणिसाव्या शतकात पुण्यात झाली आणि त्या गावाच्या नावानेच हा खेळ एके काळी ओळखला जाई. त्याच महाराष्ट्रातील गुणवंताला घडण्यासाठी हैदराबाद गाठावे लागते, ही गोष्ट आत्मपरीक्षण करायला लावणारी आहे.

दुहेरीत एकाचे चुकले तर दुसरा धावून जातो. हे जोडीदाराचे कर्तव्य चिराग शेट्टीने वर्षानुवर्षे मूकपणे बजावले. आता तेच कर्तव्य महाराष्ट्राने त्याच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी बजावायचे आहे.