विद्यार्थ्यांची कला आणि आमचे श्रेयांक

“विद्यार्थ्यांच्या कलागुणांना आतां शिक्षणक्रमांत मानाचें स्थान मिळालें आहे,” हें वाक्य अलीकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून ऐकूं येतें. उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर कृतार्थता असते आणि ऐकणारे पालक माना डोलवितात. ह्या वाक्यांतील एक शब्दहि खोटा नाहीं. स्थान मिळालें आहे हें खरें, आणि तें मानाचें आहे हेंहि कागदोपत्रीं खरें. परंतु हें स्थान देतांना आम्हीं विद्यार्थ्यापासून जें काढून घेतलें, त्याची नोंद कोणत्याच कागदावर झालेली नाहीं. आणि काढून घेणाऱ्यांत मी स्वतः एक असल्यामुळें ती करण्याचें काम माझ्याकडे येतें.

ज्यांनीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं महाविद्यालय सोडलें, अशा वाचकांना आजची रचना परिचयाची नसेल. म्हणून प्रथम वस्तुस्थिति सांगतों. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं जाहीर झालें. आपल्या राज्यांत २०२३ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४ पासून इतर महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पदवीचा हिशेब आतां श्रेयांकांत होतो. वर्गांतील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक, सत्राला सुमारें वीस-बावीस, आणि तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा अशीं ह्या खतावणींत निरनिराळीं खातीं आहेत. त्यांतच ‘सहशैक्षणिक’ नांवाचें एक खातें असून राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना आणि क्रीडा ह्यांच्या जोडीला कलाविषयक उपक्रमहि त्यांत जमा होतात. कोणाचे श्रम फुकट जाऊं नयेत ही त्यामागची बुद्धि चांगली आहे. ती बुद्धि मीहि उराशीं बाळगली होती.

आतां सत्राचा शेवट कसा असतो तें पाहावें. एकदां दिवाळीच्या आगेमागें आणि एकदां एप्रिलांत, विद्यार्थी ज्याला ‘सबमिशन’ म्हणतात तो पंधरवडा येतो. (ह्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ शरणागति असा आहे, हें मी वर्गांत सहसा सांगत नाहीं.) झेरॉक्सच्या दुकानापुढें रात्रीं दहापर्यंत रांग असते. एका मुलीची वही सहा जणी उतरून घेतात, आणि सहावीच्या हातीं ती येते तेव्हां पहिलीच्या चुकांत आणखी पांचांची भर पडलेली असते. प्रत्येक विषयाचा प्रकल्प, त्याला मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश. मग तोंडी परीक्षा. आणि आठ दिवसांत लेखी. वसतिगृहांत ह्या दिवसांत दिवे मालवत नाहींत.

तीस वर्षें शिकवितांना एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. ज्या पंधरवड्यांत विद्यार्थ्याला क्षणाची उसंत नसते, त्याच पंधरवड्यांत तो कोणीं न सांगितलेलीं कामें सर्वांत अधिक करतो. सबंध सत्रांत ज्याला एक ओळ सुचली नाहीं, तो परीक्षेच्या चार दिवस आधीं कविता लिहितो. कोणी मोबाइलवर दहा मिनिटांचा चित्रपट करतो, कोणी पेटी शिकायला बसतो. घरचीं माणसें ह्याला चुकारपणा म्हणतात. चुकारपणा त्यांत आहेच. मीं स्वतः १९९० च्या सुमारास वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एक नाटक लिहावयास घेतलें तें अर्थशास्त्र टाळण्याकरितां, आणि तें नाटक पूर्ण झालें नाहीं ही मराठी रंगभूमीवर माझी मोठी कृपा होय. परंतु ह्या चुकारपणाच्या पोटांत आणखी कांहीं असतें. ज्या मुलाला बालवाडीपासून प्रत्येक तासाला कोणीतरी ‘आतां हें कर’ असें सांगत आलें, त्याला आपल्या मनांतून एक निराळी आज्ञा प्रथमच ऐकूं येते. ती आज्ञा पाळल्यानें कांहीं मिळत नाहीं. मिळालें तर बोलणींच मिळतात. तरी तो ती पाळतो.

इंग्रज कवि कीट्स लंडनच्या गाइज रुग्णालयांत वैद्यकाचा विद्यार्थी होता. शरीरशास्त्रावरील व्याख्यानांची त्याची टिपणवही आज उपलब्ध असून तिच्या समासांत त्यानें फुलें काढलेलीं आहेत. १८१६ सालीं तो परीक्षा उतरला आणि त्याच वर्षीं त्याची पहिली कविता छापली गेली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ मध्यें ‘पुणें वैभव’ पत्रांतून येऊं लागली तेव्हां त्यांचें वय एकवीस वर्षांचें होतें. पदवी त्यांना मिळाली नाहीं. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेहि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. शवविच्छेदनाच्या तासांतून वेळ चोरून नाटक करणाऱ्यांना त्या काळीं कोणीं श्रेयांक दिला नाहीं. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तेथें परीक्षक असतात, निकाल लागतो, हरलेलीं मुलें रडतात. तरी त्या निकालाचा एक आंकडाहि पदवीच्या गुणपत्रिकेंत शिरत नाहीं, आणि मुलें महिना-महिना तालमी करतात.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं हीं अलौकिक माणसांचीं उदाहरणें झालीं. सामान्य विद्यार्थ्याचें काय? म्हणून एका सामान्य विद्यार्थिनीचीच हकिकत सांगतों. मला सांगावयाची आहे ती खरी हीच.

गेल्या वर्षीं माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत बीड जिल्ह्यांतील एक मुलगी होती. दसरा झाला कीं तिचे आईवडील मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्या व्यवहारांत माणसांची गणना होते. घरीं म्हातारी आणि शाळेंत जाणारीं मुलें मागें राहतात. आमच्या सत्राचा शेवट आणि ह्या कुटुंबांचें प्रस्थान बहुधा एकाच सुमारास येतें, ही गोष्ट वेळापत्रक करणाऱ्या कोणाच्याहि ध्यानांत आलेली नाहीं, माझ्याहि नव्हती. आईवडिलांना गाडींत बसवून देऊन ती परत आली आणि सबमिशनच्या धामधुमींत इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनें एक एकांकिका लिहिली. सात मैत्रिणींना घेऊन सायकलस्टँडवरच्या दिव्याखालीं तिची तालीम चालली होती. पहारेकऱ्याची तक्रार आली म्हणून मला कळलें. मीं वही मागून घेतली.

एकांकिकेंत विशेष कथानक नव्हतें. आजी, दोन नातवंडें, आणि येणारेजाणारे शेजारी. संवाद कांहीं ठिकाणीं शाळकरी होते. शेवटच्या प्रवेशांत आजी नेहमींच्या सवयीनें पांच माणसांच्या भाकऱ्या थापते, टोपलींत मोजते, मग चार भाकऱ्या उचलून फडक्यांत वेगळ्या बांधते आणि ते फडकें कोठें ठेवावें हें न कळून हातांत धरून उभी राहते. ती बोलत कांहींच नाहीं. तेथें पडदा. मीं तें पान दोनदां वाचलें.

येथून माझा अपराध सुरू होतो. मीं तिला म्हटलें, “तूं एवढे श्रम केलेच आहेस, तर हें कलेच्या श्रेयांकासाठीं दे. दुसरा प्रकल्प करावा लागणार नाहीं.” तिला आनंद झाला. आम्हीं छापील नमुना काढला. त्यांत उद्दिष्टें, कार्यपद्धति, निष्पत्ति व निष्कर्ष असे चार रकाने होते. गटांत पांचच विद्यार्थी चालत, म्हणून उरलेल्या तिघींनीं ‘एकांकिकेचें नेपथ्य : एक अभ्यास’ असा निराळा प्रकल्प कागदोपत्रीं उभा केला. पुराव्यादाखल स्थळ आणि वेळ उमटलेलीं छायाचित्रें हवीं होतीं. मोबाइलला अक्षांश-रेखांश सांपडेनात, म्हणून एक तालीम अर्ध्यावर थांबवून सगळ्यांना उजेडांत उभें केलें. येथपर्यंतचा प्रकार हंसण्यावारी नेतां येईल. पुढें तिनें विचारलें, “सर, निष्कर्षांत काय लिहूं?” मीं घाईंत होतों, माझ्या टेबलावर साठ प्रकल्प पडले होते. मीं सांगितलें, “ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची आवश्यकता, असें लिही.”

मुलगी प्रामाणिक. निष्कर्षांत जें लिहिलें तें नाटकांत असलें पाहिजे असें तिला वाटलें. सादरीकरणाच्या दिवशीं आजीनें भाकऱ्यांचें फडकें खालीं ठेवलें, ती प्रेक्षकांकडे वळली आणि हंगामी वसतिगृहांवर दहा-बारा वाक्यें बोलली. टाळ्या झाल्या. मीं २० पैकीं १८ गुण दिले. दोन कापले ते संदर्भसूची नव्हती म्हणून. सही माझीच आहे.

हंगामी वसतिगृहें हवींच आहेत, ह्याबद्दल वाद नाहीं. तें मागण्यासाठीं अर्ज आहे, वर्तमानपत्र आहे, मोर्चा आहे. पण ती म्हातारी हातांत फडकें घेऊन उभी राहिली होती, तिला खालीं बसवून भाषण करावयास आम्हीं लावलें, आणि त्याला मूल्यमापन हें नांव दिलें. यंदा ती मुलगी दुसऱ्या वर्षांत आहे. सत्र सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनीं ती मला भेटली व तिनें विचारलें, “सर, यंदाच्या एकांकिकेला शब्दमर्यादा किती आहे?”

ह्या व्यवस्थेचे पुरस्कर्ते मुख्यतः दोन गोष्टी सांगतात. पहिली, गुण नसतील तर मुलें कांहीं करणारच नाहींत. वरील मुलीनें गुणांचें नांवहि निघण्यापूर्वीं एकांकिका लिहून संपविली होती, एवढें उत्तर मला पुरेसें वाटतें. ज्यांना करावयाचें नाहीं त्यांनीं करूं नये. त्यांना सक्ति केल्यानें काय होतें तेंहि पाहिलें आहे. गेल्या सत्रांत माझ्याकडे आलेल्या काव्यप्रकल्पांपैकीं निम्म्यांत तीच पहाट, तीच आई आणि तोच मावळता सूर्य होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला चार शब्द सांगितले कीं तें असल्या कविता पंक्तीस बसल्यासारख्या वाढतें. मागणीप्रमाणें माल पुरवावयाचा तर यंत्राकडून पुरविण्यांत मला अनीतीपेक्षां व्यवहारज्ञानच अधिक दिसतें. सायकलस्टँडवरच्या दिव्याखालीं जें लिहिलें गेलें तें यंत्राकडून लिहवून घ्यावें असें मात्र त्या मुलीच्या स्वप्नांतहि आलें नसतें. लिहवून घेऊन करावयाचें काय होतें?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती माझ्या एका तरुण सहकाऱ्यानें मला चांगल्या तिखट शब्दांत ऐकविली. तो म्हणाला, “तुमच्या चुकार कवींच्या घरीं खायला होतें. जो मुलगा रात्रपाळीला पेट्रोलपंपावर उभा राहतो, त्याला श्रेयांक मिळाला तरच तो तबल्याला हात लावूं शकतो. नाहीं तर घरीं काय सांगेल?” ह्या प्रश्नापुढें मी कांहीं दिवस निरुत्तर होतों, आणि आजहि त्याचें माझ्याजवळ पुरें उत्तर नाहीं. पण त्या मुलाला काय कमी आहे हें तरी नीट पाहूं. त्याला वेळ कमी आहे आणि जागा कमी आहे. श्रेयांकानें त्याला वेळ मिळत नाहीं. असलेल्या वेळांतून नमुने भरण्याचे तास आणखी वजा होतात. शेवटच्या तीन आठवड्यांत एकहि नवा प्रकल्प मागूं नये. शिकविणें संपल्यावर परीक्षेपूर्वीं दहा दिवस मोकळे असावेत, आणि त्या दिवसांत हजेरीचा तगादा नसावा. सभागृहाची किल्ली विद्यार्थ्यांकडे द्यावी, दिवे रात्रीं दहापर्यंत चालूं द्यावे, तबल्याला शाई आणि नाटकाला कापड लागेल त्याचे पैसे द्यावेत, आणि अहवाल मागूं नये. ह्या मागण्या मीं बैठकींत मांडल्या. अध्यक्षांनीं विचारलें, कीं अहवाल नसेल तर हें झालें हें कळणार कसें? मीं म्हटलें, येऊन पाहावें. ह्या उत्तराची इतिवृत्तांत नोंद झाली नाहीं.

जे वाचक पालक आहेत त्यांनाहि एक सांगावयाचें आहे. मुलगा घरीं येऊन म्हणतो, मीं एक गोष्ट लिहिली. आपण लगेच विचारतों, “ह्याचे मार्क आहेत का?” पूर्वीं ह्या प्रश्नाला ‘नाहींत’ असें उत्तर असे, आणि मुलगा रागें भरून का होईना, वही घेऊन गच्चीवर जाई. आतां तो ‘आहेत’ म्हणतो, आपण समाधान पावतों, आणि वही कोणीच वाचीत नाहीं. निदान वही मागून पाहावी.

नियम बदलण्याचें सामर्थ्य माझ्याजवळ नाहीं. गुण भरण्याचा अधिकार मात्र सेवानिवृत्तीपर्यंत आहे. त्यामुळें ह्या सत्रापासून मीं एक ठरविलें असून विभागाला तसें लेखी कळविलें आहे. कलेच्या श्रेयांकासाठीं माझ्याकडे जो जो प्रकल्प येईल, त्याला न वाचतां सर्वांना सारखे गुण मिळतील. रकाने यंत्राकडून भरून आणले तरी माझी हरकत नाहीं. मला वाचावयास जें द्यावयाचें असेल तें निराळें आणावें. त्यावर परीक्षाक्रमांक घालूं नये आणि निष्कर्ष लिहूं नये. त्या मुलीला हें सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, जुनी वही चालेल का?” वही सध्यां माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर बारा ओळी खोडलेल्या आहेत.