फुकटचा सल्लागार

गेल्या पावसाळ्यात वडिलांचा आरोग्यविमा उतरवायचे आमच्या घरी ठरले. वडिलांना मधुमेह आहे. घरात महाविद्यालयात जाणारा मीच, म्हणून काम माझ्याकडे आले. भाईंदरच्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी मोबाईलवर विम्याचे दर ताडून दाखवणारे एक संकेतस्थळ उघडले. नाव, वय, फोननंबर भरताच पंधरा-वीस योजना एकाखाली एक उभ्या राहिल्या. वरच्या योजनेवर ‘सर्वाधिक पसंतीची’ अशी पट्टी होती. आईने सहज विचारले, “एवढे सगळे फुकट करतात? मग यांचा पगार कोण देतो?” मला उत्तर देता आले नाही.

उत्तर साधे आहे. पगार विमा कंपनी देते. आपण पॉलिसी घेतली, की हप्त्यातला काही भाग कमिशन म्हणून संकेतस्थळाकडे जातो. एप्रिल २०२३ पासून विमा नियामक प्राधिकरणाने कमिशनच्या निरनिराळ्या कमाल मर्यादा काढून टाकल्या. आता मर्यादा आहे ती कंपनीच्या एकूण खर्चाला. त्या मर्यादेत कोणत्या मध्यस्थाला किती द्यायचे हे कंपनी ठरवते. तेव्हा यादीतल्या दोन योजनांवर सारखेच कमिशन मिळत असेल, असे धरून चालता येत नाही.

कमिशन घेणे हा काही गुन्हा नव्हे. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून घरोघर येणारा एजंटही कमिशनवरच जगत आला. उलट तो एकाच कंपनीचे कागद आणी. इथे अनेकांचे दर एका जागी दिसतात, ही सोय मी नाकारत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आमच्याकडे भाड्याची खोली दाखवणारा दलाल आपली दलाली लपवत नाही. म्हणून तो ‘हवेशीर खोली’ म्हणाला, की आपण खिडकी उघडून पाहतो. संकेतस्थळ मात्र दलाल असून पंचाच्या खुर्चीत बसते, आणि आपण खिडकी उघडायचे विसरतो.

ही शंका केवळ माझी नाही. अशा संकेतस्थळांनी विमायोजनांना क्रमवारी वा मानांकन देऊ नये, असा नियम प्राधिकरणाने २०१७ मध्येच केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पॉलिसीबाजारला अनेक कारणांवरून एकूण ५ कोटी रुपयांचा दंड झाला. काही योजना ‘सर्वोत्तम’ म्हणून दाखवणे हे त्यांतलेच एक कारण होते.

आणि यादी प्रामाणिकपणे दरानुसार लावली, तरी काय? पहिल्या योजनेचा हप्ता कमी होता, पण रुग्णालयाच्या खोलीभाड्याला मर्यादा होती. त्याहून महाग खोली घेतली, की नुसते भाडेच नव्हे, तर बिलातल्या इतर खर्चालाही त्या प्रमाणात कात्री लागते. मधुमेहासंबंधीच्या उपचारांसाठी तीन वर्षे थांबावे लागणार होते. हे सारे होते, पण बारीक अक्षरांत.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एक गोड आवाज म्हणाला, “साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल.” त्या आवाजाचा लाभ पॉलिसी विकली जाण्यात होता. पुढे माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला गेला असता, तर रुग्णालयाच्या खिडकीपाशी तो आवाज नव्हे, मी उभा असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : प्रत्येक योजनेशेजारी हप्त्याइतक्याच ठळक अक्षरांत संकेतस्थळाला मिळणारे कमिशन छापावे. मग ज्याला विश्वास ठेवायचा, त्याने खुशाल ठेवावा. तोवर अटी आपणच वाचाव्यात. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात, ते त्यासाठीच वापरावेत.

आम्ही विमा घेतला, आणि त्याच संकेतस्थळावरून घेतला. योजना यादीत सातवी होती. अर्जात मधुमेह लिहिला. हप्ता वाढला, पण त्या रात्री वडील निश्चिंत झोपले.