अंगणातले गुप्तधन

गुप्तधन या शब्दात काय जादू आहे कोण जाणे! आमच्या वर्गात एरवी जांभया देणारी मुलेही ‘मोहरांचा हंडा’ म्हटले की ताठ बसतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमचे भाचेराव धातुशोधक यंत्र घेऊन जव्हारला निघाले, तेव्हा मीही मुकाट्याने पिशवी भरली, हे आधीच कबूल केलेले बरे.

जव्हारला आमच्या मामांचे जुने घर आहे. मामा गेले, मामी, वय वर्षे ब्याऐंशी, अजून तिथेच राहतात. गाव मुकणे राजांचे. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी गावाचा रुबाब काही विलीन झाला नाही. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले होते असे सांगतात. भाच्याचा हिशेब सरळ होता. “मामा, एवढी फौज थांबली, म्हणजे चार नाणी तरी सांडलीच असतील!”

“माळ तुझ्या बापाचा नाही,” मी म्हटले. “खणायचे तर घरच्या अंगणात खण.”

यंत्र म्हणजे काठीच्या टोकाला एक चकती. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळते. खाली धातू असला की त्याच्यातही बारीकसा प्रवाह उठतो आणि यंत्र ओरडते. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ साली असल्याच युक्तीने अमेरिकेच्या गारफील्ड या अध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधू पाहिली होती. गोळी सापडली नाहीच, उलट खाटेतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात. आमच्या अंगणाने तेच केले. सह्याद्रीचा हा काळा खडक लोहाने भरलेला, तेव्हा यंत्र जागोजागी उगाचच किंचाळे. दोन दिवसांत खिळे, सोडावॉटरच्या बाटलीची बुचे, बैलाचा नाल, एक भोकाचा पैसा आणि जवळजवळ गुळगुळीत झालेली एक शिवराई, एवढी संपत्ती जमली. शिवराई पाहून भाचा नाचायचा तेवढा राहिला.

मी मात्र मास्तर पडलो. त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा ऐकवला. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवल्यास वर्षभराची कैद होऊ शकते. दहा रुपयांत आता चहासुद्धा धड मिळत नाही. पण कायदा तसाच उभा आहे. आणि तो जाच वाटू नये म्हणून जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावी १९०६ साली चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्याच्याच नाण्यावर जिंकणाऱ्याचा शिक्का! कुणी एकेक करून ती सोनाराच्या मुशीत घातली असती, तर चांदी तेवढी मिळाली असती आणि इतिहासाचे एक पान वितळून गेले असते. मोखाड्यावरून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाताना वाटेत आंजनेरीला नाणकशास्त्राची मोठी संस्था आहे. “तिथे दाखवू तुझी शिवराई,” म्हटल्यावर भाचा शांत झाला.

तिसऱ्या दिवशी मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी यंत्र नीट, स्वच्छ वाजले. वीतभर खणले तर चांदीचे एक जोडवे निघाले, काळे पडलेले.

मामींनी ते हातात घेतले आणि ओट्यावर बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग समजले ते असे. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्यांचे हे जोडवे हरवले होते. आळ घरी कामाला येणाऱ्या बाईवर आला. ती मोखाड्याकडच्या पाड्यावरची. रडली, शपथा घेतल्या. पण तिला काढून टाकले, आणि एका घराने काढल्यावर गावात दुसऱ्या कुणी ठेवले नाही. एकच जोडवे कोण चोरील, हा साधा प्रश्न तेव्हा आमच्या घरातल्या एकाही शहाण्याला पडला नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो; तरी मान खाली गेली.

मामींनी राख घेऊन जोडवे घासले. पेटीतून त्याचा जोडीदार काढला. “खोडाळ्याची गाडी किती वाजता आहे रे?” एवढेच विचारले.

बाई कधीच वारली होती. तिची लेक खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर राहते. तीही आता म्हातारी झालेली. मामींनी रुमाल सोडून दोन्ही जोडवी तिच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले, काही आडपडदा न ठेवता. तिने जोडव्यांना हात लावला नाही.

“कुठं सापडलं?” तिने विचारले.

“धुण्याच्या दगडापाशी.”

“आई तेच सांगायची,” ती म्हणाली. “दगडापाशी बघा म्हणून सांगितलं होतं तिनं तुम्हाला.”

मामींना ते आठवत होते की नाही, हे मी विचारले नाही. लेकीने चहा टाकला. आम्ही तो घेतला. निघताना मामींनी जोडवी तिथेच उंबऱ्यापाशी ठेवली, आणि तिने ती उचललेली आम्ही तरी पाहिली नाही.