'इतर'च्या रकान्यात कोण आहे?



२०१३ साली देशात शेती करणाऱ्या ११,७७२ लोकांच्या आत्महत्या सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांचा आकडा आला ५,६५०. एका वर्षात निम्म्यावर! ते साल तर अवर्षणाचे. मग झाले काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने रकाने बदलले. शेतमजूर वेगळे काढले, ते ६,७१०. दोन्हींची बेरीज १२,३६०.

हा बदल निदान छापलेला होता, म्हणून बेरीज तरी करता आली. खरी मेख 'इतर' आणि 'कारण अज्ञात' या रकान्यांत आहे. समजा, १०० नोंदी आहेत. ६० जणांचे कारण लिहिले आहे, त्यांत ३० कर्जाचे. ४० कोरे. साहेब कोरे बाजूला ठेवतात आणि सांगतात, कर्जामुळे ५० टक्के. म्हणजे कोऱ्या नोंदीही भरलेल्यांसारख्याच, हे गृहीत धरले! ४० पैकी एकही कर्जाचा नसेल तर आकडा ३०, सगळेच असतील तर ७०. कागद कितीही पिळला तरी याहून अधिक निघत नाही.

नोंद कोरी का राहिली, याचा खऱ्या उत्तराशी संबंध नसेल तरच ती बाजूला ठेवता येते. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ सालीच हे मांडून ठेवले आहे. आपल्याकडे संबंध असतो. सातबारा नवऱ्याच्या नावे, म्हणून जन्मभर शेतात राबलेली बाई 'गृहिणी'त जाते. ही चूक बाईच्याच वाट्याला येते, पुरुषाच्या नाही.

मग गृहीतक तपासायचे कसे? बाहेरचा कागद आणा. सोसायटीची थकबाकी यादी घ्या. समजा, भरलेल्या ६० पैकी ३३ थकबाकीदार निघाले आणि कोऱ्या ४० पैकी ३४. एवढा फरक योगायोगाने पडत नाही; दोन्ही गट सारखे, हे म्हणणे तिथेच कोसळले. प्रमाण सारखे निघाले तर मात्र हुरळू नका. गृहीतक खरे ठरले असे नव्हे, या यादीने ते पकडले नाही इतकेच.

त्यानंतर कोऱ्या नोंदींतून चिठ्ठ्या टाकून दहा घरे निवडा आणि जाऊन विचारा. ओळखीची, रस्त्याकडेची घरे निवडाल तर पुन्हा तोच घोळ. जिल्हा बैठकीला येताना भरलेल्या आणि कोऱ्या नोंदी वेगवेगळ्या मोजून आणा.