नको ती सुई, हवी ती सुई



कागलच्या आपल्या वस्तीत एक गोष्ट वारंवार दिसते. अंग दुखले की माणूस डॉक्टरांना म्हणतो, "गोळ्या नकोत, सुई द्या." कारण उद्या एमआयडीसीत शिफ्ट असते, नाहीतर भांगलणीचा रोज बुडतो. पण साखर वाढलेल्या माणसाला इन्सुलिन लिहून दिले, की तोच म्हणतो, "सिस्टर, एकदा सुरू केलं की सवय लागते." नको ती सुई आपण मागून घेतो आणि हवी ती टाळतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता. ते इन्सुलिन घेत. १९४८ साली लग्न झाल्यावर माईसाहेब, स्वतः डॉक्टर असल्याने, त्यांचे औषध आणि पथ्य सांभाळत. इन्सुलिनमध्ये कमीपणा कसला? त्याची सवय लागत नाही. शरीराला ते कमी पडते, म्हणून बाहेरून द्यावे लागते.

मात्र ते डोळसपणे घ्या. बाटलीवर ४० लिहिले आहे की १०० ते वाचा. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज असते. तिच्यात १०० चे इन्सुलिन भरले तर अडीचपट डोस जातो. घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. फ्रीज नसेल तर बाटली झाकणबंद डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवा. बर्फात ठेवू नका.

आता अंगदुखीची सुई. तिच्यात स्टेरॉइड असेल तर साखर वाढते. वेदनाशामक वारंवार घेतले तर मूत्रपिंड बिघडू शकते. दोष एकट्या रुग्णाचा नाही. सुईत काय आहे हे न सांगता टोचणाऱ्याचाही आहे. म्हणून विचारा : औषधाचे नाव काय, कशासाठी, चिठ्ठीवर लिहिले का? डॉक्टरांपुढे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर ज्यांना साखर आहे त्यांनी आपले आकडे आणि डोस तिच्यात लिहावेत. लिहिता येत नसेल त्यांचे शिकलेल्या मुलींनी लिहावे. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची साखर मोफत तपासतात, तिथे वस्तीने मिळून जावे. पुतळ्याला हार घालणारे हात ही वहीही भरू शकतात.

नमो बुद्धाय, जयभीम.