पासवर्ड कोणाच्या वहीत आहे?

कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात नव्या मुलामुलींना आपण बरंच काही विचारतो. कुठल्या गावची, बारावीला किती टक्के, हॉस्टेलला राहणार की रोज येऊन-जाऊन. माझ्या मते आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सगळ्यांच्या आधी. तुझा पासवर्ड कोणाच्या वहीत आहे?

हसू नका. आमच्या खटकचिंचोळीकडून आलेल्या कितीतरी मुलांचं खरं उत्तर ‘सेंटरवाल्या काकांच्या’ असं असतं.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, फॉर्मवर इंग्रजी. पीयूसी झाली की कोणी भालकीला जातं, कोणी बीदर-कलबुर्गीला, तर कोणी सरळ उदगीर, लातूर, पुणे गाठतं. म्हणजे एकाच गल्लीतली दोन मुलं दोन राज्यांच्या दोन पोर्टलांवर बसलेली असतात. कर्नाटकात 2021 पासून पदवीचा प्रवेश यूयूसीएमएस नावाच्या एकाच पोर्टलवरून होतो. प्रवेशच नाही, परीक्षेचा अर्ज आणि निकालही तिथेच. 2023 मध्ये बीदर विद्यापीठ गुलबर्गा विद्यापीठातून वेगळं झालं, पण पोर्टल तेच राहिलं. शिष्यवृत्तीसाठी एसएसपी हे वेगळं पोर्टल. पलीकडे महाराष्ट्रात गेलात तर विद्यापीठाचं एक, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी दुसरं. त्यावर डिजिलॉकर आणि क्रेडिट जमा करायची एबीसी आयडी दोन्हीकडे. वर्गात पाऊल टाकायच्या आधी पोराच्या नावावर चार-पाच खाती उघडलेली असतात.

आणि ती त्यानं उघडलेली नसतात.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दहावी-बारावीचे मार्कमेमो, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, 371 जेचं सर्टिफिकेट, फोटो असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेंटरवर जायचं. काका नवीन ईमेल काढतात. ईमेल त्यांच्या सोयीचा, पासवर्ड त्यांच्या सोयीचा. बहुतेकदा सगळ्या गावाला एकच, फार तर शेवटी आकडा बदललेला. मोबाइल नंबर विचारला की वडिलांचा सांगायचा. वडील कामाला हैदराबादला असतील तर काका म्हणतात, राहू दे, माझाच टाकतो. मग वहीत एक ओळ लिहिली जाते आणि आपण पावती घेऊन घरी येतो. काम झालं. पण खातं कोणाचं झालं?

हे लगेच कळत नाही. कळतं ते चार-पाच महिन्यांनी, परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली की. माझ्या मावसभावाचं असंच झालं. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली आणि सेंटर बंद, कारण काका लग्नाला बाहेरगावी. पासवर्ड त्यांच्या वहीत, ओटीपी त्यांच्या फोनवर. काका भले माणूस, फोनवरून त्यांनी सगळं सांगितलं आणि अर्ज गेला. पण पोरगा दिवसभर दुसऱ्याच्या फोनची वाट बघत बसला होता. अर्ज त्याचा, फी त्याची, परीक्षा त्याची, आणि दार उघडायची किल्ली मात्र दुसऱ्या गावच्या मांडवात.

इथे कोणी म्हणेल, आजकालची मुलं फोन घेऊनच जन्माला येतात, त्यांना काय शिकवायचं? मला हे वाक्य पटत नाही. रील बनवणं आणि 200 केबीच्या आत पीडीएफ बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चुकलं तर काही बिघडत नाही, दुसरं चुकलं तर वर्ष जातं. म्हणून हुशार मुलगाही अर्जाच्या पानाला घाबरतो आणि सेंटर गाठतो. शिवाय ‘मुलांकडे फोन असतो’ म्हणताना तो कोणाचा, हे आपण विचारत नाही. 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सिमकार्ड आपल्या नावावर मिळत नाही. पीयूसीतला मुलगा 16-17 वर्षांचा, म्हणजे त्याचा नंबर कायद्यानंच दुसऱ्याच्या नावावर. मुलींचं तर विचारूच नका. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा किंवा भावाचा, आणि ओटीपीचे दहा मिनिटं संपायच्या आत भाऊ फोन उचलेल की नाही यावर तिचा अर्ज अवलंबून. घरात कुरबुर झाली तर? किंवा प्रवेश घेऊ नये असं कोणाला वाटलं तर? खातं त्याच्या नंबरावर असेल तर तिला विचारायचीही गरज उरत नाही.

दुसरी भानगड नावाची. आमच्याकडे शाळेच्या रजिस्टरवर नाव मराठीत, रेशनकार्डवर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत. मराठी पद्धतीनं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसऱ्या कागदावर आडनाव आधी. तिसऱ्यावर नुसती इनिशियल. आमच्यासारख्या कॅथलिक घरांत त्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या नावाची भर. माणसाला कळतं की ही सगळी एकच मुलगी. पोर्टलला कळत नाही. आधारवरची अक्षरं आणि मार्कमेमोवरची अक्षरं जुळली नाहीत की गाडी अडलीच. गावाच्या नावाचंही तेच. खटकचिंचोळी इंग्रजीत जोडून लिहायचं की तोडून? आणि यादीत नुसतं ‘चिंचोळी’ दिसलं म्हणून ते निवडलं, तर तुम्ही कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात जाऊन पोचता. आपलं गाव भालकी तालुक्यात, बीदर जिल्ह्यात, हे सेंटरवर बसलेल्या घाईतल्या माणसाला कोण सांगणार? ज्याचं गाव आहे त्यानंच. पण तो तर काउंटरच्या अलीकडे उभा असतो, स्क्रीन पलीकडे.

माझी तक्रार सेंटरवाल्यांबद्दल नाही, हे स्पष्ट सांगते. ते नसते तर आमच्यातली अर्धी मुलं कॉलेजला पोचलीच नसती. लाइट नाही, नेट नाही, सर्व्हर डाऊन, अशात रात्री अकरापर्यंत बसून ते लोकांचे फॉर्म भरतात. स्कॅनर, प्रिंटर, सवय हे सगळं त्यांच्याकडे आहे. त्यांच्याकडे जरूर जा. पण ड्रायव्हरला गाडी चालवायला देणं वेगळं आणि गाडी त्याच्या नावावर करणं वेगळं.

माझी तक्रार आहे ती आपल्यासारख्या कॉलेजांबद्दल. आपण नव्या मुलांना ओरिएंटेशनमध्ये वायफायचा पासवर्ड देतो, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतो, एक लिंक पाठवतो आणि समजतो की तयारी झाली. आपण गृहीत धरतो की प्रत्येकाकडे स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल आणि जुळणारं नाव आहे. शहरातल्या मुलाकडे ते असतं. त्याच्या घरी कोणीतरी आधीच कॉलेजात गेलेलं असतं. गावाकडचं पोर उसन्या नंबरावर, उसन्या ईमेलवर आलेलं असतं आणि हे सांगायला लाजतं. मग तीन वर्षं तो मागे मागे राहतो आणि आपण म्हणतो, ‘त्याला इंटरेस्टच नाही.’

त्याचं नुसतं अर्जापुरतं नुकसान होत नाही. ज्या कॉलेजनं एन-लिस्टचं सदस्यत्व घेतलंय, तिथले ग्रंथपाल विद्यार्थ्यालाही लॉगिन मिळवून देऊ शकतात, म्हणजे हजारो ई-पुस्तकं आणि जर्नल्स घरबसल्या. पण ते लॉगिन ईमेलवर येतं. ज्याचा ईमेल काकांच्या वहीत आहे, त्याच्यासाठी ते आलंच नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे बंद दार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता काय करायचं? मला चार गोष्टी सुचतात, आणि चारही पहिल्या पंधरा दिवसांत होण्यासारख्या आहेत.

एक, नंबर. 18 पूर्ण झाले असतील तर सिम स्वतःच्या नावावर घ्या आणि आधार केंद्रावर जाऊन तोच नंबर आधारला जोडा. बाकी सगळं यावर उभं आहे. रिचार्ज बंद पडू देऊ नका, कारण बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

दोन, ईमेल. स्वतःच्या हातानं काढलेला, स्वतःच्या नावाचा. कॉलेजनं दिलेला ईमेल असला तरी हा वेगळा ठेवा, कारण पास झाल्यावर कॉलेजचा ईमेल चालू राहीलच असं नाही. जुन्या सगळ्या खात्यांवर जाऊन नंबर आणि ईमेल बदला, पासवर्ड बदला. काकांना सांगून बदला, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पासवर्ड लिहून ठेवायचा असेल तर जरूर लिहा, पण वही आपली हवी.

तीन, नाव. आधार, दहावीचा मार्कमेमो आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. चूक सापडली तर आत्ताच दुरुस्तीला टाका, परीक्षेच्या तोंडावर नको. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा कोणतं खातं जोडलंय हेही बँकेत विचारून घ्या.

चार, कागद. डिजिलॉकर 2015 पासून आहे, फुकट आहे. मार्कमेमो तिथे ठेवा. 12 आकडी एबीसी आयडीसुद्धा तिथूनच निघते. आधारची प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत चालते का ते आधी विचारा.

हे सगळं सांगणारं पत्रक मराठीत, एका पानाचं, आपल्या मंडळानं काढावं. पण पत्रकानं भागणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत ग्रंथालयाबाहेर एक टेबल मांडावं. तिथे आपण सिनिअर पाळीनं बसू. नियम एकच. कीबोर्डला हात नव्या विद्यार्थ्याचाच लागेल. आपण शेजारी बसायचं, बोट दाखवायचं, चुकलं तर सांगायचं, पण ‘दे इकडे, मी पटकन करतो’ म्हणायचं नाही. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागेल. लागू दे. पुढच्या सेमिस्टरला तोच मुलगा शेजारच्याला शिकवेल.

आणि बोलायचं त्याच्या भाषेत. काहीजण म्हणतील, फॉर्म इंग्रजीत तर मराठीत समजावून काय उपयोग? आमच्या भालकीत याचं उत्तर फार जुनं आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता, तेव्हा भालकी हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवलं. ती गोष्ट आमच्याकडे मराठी घरांतही आदरानं सांगतात. राज्याची पाटी कोणत्या भाषेत लावायची हे आपल्या हातात नसतं. आत बसून पोराला त्याच्या भाषेत समजावणं मात्र असतं. वाङ्मय मंडळाचं काम कविसंमेलनापुरतंच असतं असं कोणी ठरवलंय? ‘ऑथेंटिकेशन’ म्हणजे काय हे एखाद्याला साध्या मराठीत सांगता आलं, तर तीही भाषेचीच सेवा.

यंदाचे प्रवेश सुरू व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. टेबल आपल्याकडे आहे, खुर्च्या आहेत, एक जुना कॉम्प्युटर आहे. आठवड्यातून दोन तास देणारी दहा नावं हवीत. पहिलं नाव माझं लिहा.