पायताण काढण्याआधी

उचगावला टेंबलाईची टेकडी जवळच. आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी कोल्हापूरची मंडळं पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी ढबाकच्या तालावर तिकडे निघतात आणि देवीच्या पायरीवर ते ओततात. डोक्यावर कलश, पाय अनवाणी. नवरात्रात नऊ दिवस पायताण न घालणारेही गल्लोगल्ली भेटतात. ज्याची त्याची श्रद्धा. त्यात दुसऱ्याने बोलायचं कारण नाही. पण ज्याच्या रिपोर्टात नुकतीच शुगर निघाली आहे, त्याने मात्र पायताण काढण्याआधी पाय डॉक्टरला दाखवून घ्यावेत.

शुगर निघाली की घरातली सगळी चर्चा ताटाभोवती फिरते. भात कमी, चहा बिनसाखरेचा. शेजारून कारल्याचा रस येतो, पाहुणे जांभळाच्या बियांची पूड सुचवतात. पायांचं नाव कुणी काढत नाही. टाइप 2 मधुमेह मात्र कळण्याच्या कितीतरी आधीपासून अंगात असू शकतो, आणि काहींच्या पायांच्या नसा निदानाच्या दिवशीच थोड्या बधिर झालेल्या असतात. म्हणून पायांची पहिली तपासणी निदान झालं की लगेच करायची आणि पुढे वर्षातून एकदा तरी. देशात मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं. त्यांतल्या किती जणांना डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितले असतील?

तपासणी तशी साधी. दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात; रुग्णाने डोळे मिटून, कळलं की ‘हां’ म्हणायचं. ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर धरून थरथर जाणवते का ते बघतात, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतात. काही मिनिटांचं काम. डॉक्टर घाईत असतील तर पेशंटनेच बूट काढून बसावं.

बधिर पायाचं खरं दुखणं काय, हे कळलं ते कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. डॉ. पॉल ब्रँड तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत 1914 साली जन्मले आणि 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. ब्रँड यांनी बारकाईने पाहिलं. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. पायांचंही तसंच. धडधाकट माणूस चालताना जरा टोचलं की नकळत पाऊल तिरकं टाकतो, भार बदलतो. बधिर पाय त्याच जागी हजार वेळा आपटतो, आणि तिथेच जखम होते. पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे काम करताना त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. कुष्ठरुग्णांना मिळणारी मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते, ती याच विचारातून.

आता हे उचगाव-गांधीनगर-शिरोलीच्या पट्ट्यात आणून बघा. फाउंड्रीतल्या कामगाराचा लोखंडी टोपीचा बूट: आत वाळूचा खडा गेला आणि पाय बधिर असला, तर तो खडा अख्खी पाळी आतच राहतो. बूट घालण्याआधी उलटा करून झाडायचा, आत हात फिरवायचा. रानात जाणाऱ्याला उसाचा खुंट आणि बाभळीचा काटा. पावसाळ्यात चिखल्या, त्या बोटांच्या बेचक्यात होतात, म्हणून पाय धुतल्यावर बेचके कोरडे करायचे. भेगांना लावायचं तेल किंवा क्रीम टाचेला, तळव्याला; बेचक्यात नाही.

रात्री तळपायाची आग होते किंवा मुंग्या येतात म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणारेही पुष्कळ. पाणी किती गरम आहे हे बधिर पायाला कळत नाही, चामडी भाजून निघते. कुरूप ब्लेडने कापणं आणि मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवणं, दोन्ही सोडून द्यावं. त्या पट्टीतलं औषध चांगली कातडीही खातं.

कोल्हापुरात राहून कोल्हापुरी चपलेविषयी बोलणं जरा धाडसाचंच. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमुळे ती जगभर गाजली. पण नवी चप्पल पायाला बसेपर्यंत चावते, हे तिचे भक्तही मान्य करतील. जाणीव शाबूत असेल तर हौसेने घाला, घरी आल्यावर पाय बघा. जाणीव गेली असेल तर कडक तळ आणि अंगठ्यात घासणारा पट्टा नकोच. मागे बंद असलेली, मऊ तळाची, ऐसपैस चप्पल घ्या. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी.

रोज रात्री दिव्याखाली तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा, नाहीतर नातवाचे डोळे. जखम दिसली तर हळद, राख, टूथपेस्ट काही न लावता, स्वच्छ धुऊन, कापड बांधून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सीपीआर रुग्णालय असो की गल्लीतला डॉक्टर. एक खूण तर फार फसवी: पाय सुजलेला, लाल, हाताला गरम, आणि दुखत मात्र फारसा नाही. लोक मुरगळला समजून चोळतात. आतली हाडं मोडत, ढासळत असू शकतात. त्या पायावर भार न देता, रिक्षा करून, लगेच जावं.